लढती मोजल्या, ठोसे कोणी मोजले?

पूर्वीच्या बॉक्सरांपेक्षा आताचे सुरक्षित, असं म्हणताना एक पेपर हमखास पुढे केला जातो: क्लॉसेन, मॅक्क्रोरी, अँडरसन, 2005. आकडे जबरदस्त आहेत. शतकभरात व्यावसायिक कारकीर्द सरासरी 19 वर्षांवरून 5 वर आली, लढती 336 वरून 13 वर. म्हणून मेंदूची दीर्घकालीन इजाही घटेल, असा त्यांचा अंदाज.

लढती मोजण्याला आधार आहेच. रॉबर्ट्स यांनी 1969 मध्ये ब्रिटनमधले 224 निवृत्त व्यावसायिक बॉक्सर तपासले (निवडले होते 250, तेही यादृच्छिक पद्धतीने, किती सुंदर काम!). 37 जणांत मज्जासंस्थेची इजा सापडली, आणि जितक्या लढती जास्त तितकी ती जास्त.

पण बघा, जुना बॉक्सर इतक्या वेळा रिंगणात उतरायचा की लढत हाच त्याचा सराव. आज बिबवेवाडीतला एखादा मुलगा बॉक्सिंग शिकत असेल तर लढत क्वचित, स्पारिंग मात्र सतत. ते ठोसे कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाहीत. म्हणजे ‘एक लढत’ या एककाचा अर्थच दोन काळांत बदललाय. शिवाय रॉबर्ट्सनी माणसं तपासली. 2005 चा अंदाज नोंदींवर उभा आहे.