‘कन्कशन’ : व्यवसायजन्य मेंदूविकाराचा शोध आणि नोंदीचा प्रश्न

व्यवसायजन्य विकारांचा इतिहास हा वैद्यकीय शोधांइतकाच नोंदींचाही इतिहास असतो. यंत्रात तुटलेले बोट तत्काळ दिसते. मेंदूची इजा मात्र वर्षानुवर्षे अदृश्य राहते. पीटर लँडसमन दिग्दर्शित ‘कन्कशन’ (२०१५) या चित्रपटाने हा विषय व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या संदर्भात हाताळला आहे.

पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा नामवंत खेळाडू माइक वेब्स्टर २००२ मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी मरण पावला. शवचिकित्सक डॉ. बेनेट ओमालू यांना त्याचा मेंदू वरकरणी सामान्य आढळला. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र टाऊ प्रथिनाचे साठे दिसले. ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी’चे हे निदान २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. नायजेरियातून आलेल्या या संशोधकाची चिकाटी आणि त्याचे परकेपण विल स्मिथ यांनी संयमाने साकारले आहे. खेळाडूच्या कीर्तीआड दडलेला श्रमिक प्रेक्षकांसमोर येतो, हे या कलाकृतीचे मोठे यश होय.

तथापि, एकाकी नायक विरुद्ध बलाढ्य संस्था या मांडणीमुळे मूळ प्रश्न संकुचित होतो. मुष्टियोद्ध्यांमधील अशा विकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते. इतकेच नव्हे, तर वेब्स्टरचे अपंगत्व खेळातील डोक्याच्या दुखापतींमुळे आले, हे लीगच्या निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ मध्ये मान्य केले होते. म्हणजे माहितीचा सर्वस्वी अभाव नव्हता. एका लाभार्थ्यापुरता घेतलेला निर्णय इतर खेळाडूंसाठी इशारा ठरला नाही, हे खरे अपयश होय. चित्रपटाच्या कथानकात या अपयशाला मध्यवर्ती स्थान मिळत नाही.

शिवाय, या विकाराचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लीगच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूंत तो आढळला. परंतु हे मेंदू दान म्हणून मिळालेले होते आणि लक्षणे दिसलेल्यांचे कुटुंबीय दानासाठी अधिक प्रवृत्त होतात. त्यामुळे सर्व खेळाडूंमधील प्रमाण या संख्येवरून ठरविता येत नाही. त्यासाठी खेळताना बसलेल्या सौम्य आघातांसह सर्व आघातांची नोंद आणि निवृत्तीनंतरचा दीर्घकालीन पाठपुरावा आवश्यक ठरतो.

सारांश, ‘कन्कशन’ शोधाचे नाट्य प्रभावीपणे उभे करतो. नोंदवहीचे महत्त्व मात्र त्यात उमटत नाही. शवविच्छेदनातून सत्य कळते, पण ज्याच्याविषयी ते कळते त्याला त्याचा उपयोग उरलेला नसतो. श्रमिकाच्या हयातीत त्याचे रक्षण करू शकते ती नोंदच.