'च' आणि 'ही' : 'एकच प्याला'च्या निमित्ताने

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकाच्या शीर्षकातील 'च' हे अव्यय दोन प्रकारे वाचता येते. पिणाऱ्याच्या तोंडी ते मर्यादा सांगते : एकापेक्षा अधिक नाही. नाटककाराच्या योजनेत तेच कारण सांगते : सर्वनाशास एवढा एक पुरेसा. मराठी समाजाच्या मनात दुसरा अर्थ रुजला. त्या अर्थाच्या पुरेपणाविषयी प्रस्तुत टिपणात शंका उपस्थित करावयाची आहे.

नाटकाची संहिताच त्या 'च'ला पुरती साक्ष देत नाही. सुधाकर हा बुद्धिमान व मानी तरुण वकील. न्यायालयात त्याचा अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि त्या दाहावर उतारा म्हणून तळीराम पेला पुढे करतो. पुढे सुधाकर निश्चयाने दारू सोडतो. परंतु अवहेलना पुन्हा वाट्यास येताच तो पेल्याकडे वळतो. पेला सुटला होता, त्यापूर्वीची जखम तशीच होती. सुधाकरास मनोविकार जडला होता, असे येथे सुचवावयाचे नाही. पात्राचे वैद्यकीय निदान करणे हा समीक्षेचा धर्म नव्हे. मात्र कथानकातील कारणपरंपरा एकपदरी नाही, हे मान्य करावे लागते.

व्यसन आणि मनोविकार ही दोन्ही ज्या तरुणांस एकत्र जडतात, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. सुमारे तीनचतुर्थांश मनोविकारांचा आरंभ वयाच्या पंचविशीपूर्वी होतो. व्यसनाची सुरुवातही बहुधा याच वयात होते. 'दारूमुळेच असा वागतो' असे म्हणणारा अशा मुलास व्यसनमुक्ती केंद्राकडे धाडतो. 'मन बिघडले म्हणूनच पितो' असे म्हणणारा मनोविकारतज्ज्ञाकडे. एका दाराशी 'आधी मन सावर' आणि दुसऱ्या दाराशी 'आधी दारू सोड' असे ऐकावे लागले, की तो दोहोंच्या मध्ये उपचारावाचून राहतो.

दारू स्वतः खिन्नता आणते आणि ती सोडताना चिंता व निद्रानाश उद्भवतात. म्हणून स्वतंत्र मनोविकार आहे की नाही हे ठरविण्यास काही आठवड्यांचे निरीक्षण लागते, हे खरे. परंतु निदानासाठी थांबणे म्हणजे उपचार थांबविणे नव्हे. आत्महत्येचे विचार मनात घोळत असतील तर मुळीच नव्हे. एकाच पथकाने दोन्ही विकारांवर एकाच वेळी उपचार करावेत, हे तत्त्व आज वैद्यकात मान्यता पावले आहे. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा अंतर्भाव मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे.

मराठीत 'च' वगळतो, 'ही' सामावून घेतो. रंगभूमीवर गडकऱ्यांचा 'च' परिणामकारक ठरला, याविषयी दुमत नाही. रुग्णाची हकीकत ऐकताना मात्र 'दारूही आणि मनही' असे म्हणण्याची सवय आपल्या भाषेस लावून घेणे अगत्याचे आहे.