आठवणीची वस्तू : एक परीक्षण

दिवाळी अंकातल्या परीक्षणासाठी एखादे पुस्तक हाती घ्यावे असा रिवाज आहे. यंदा मी परीक्षणाला घेतले आहे ते एक काचेचे कपाट. आपल्यापैकी पुष्कळांच्या बैठकीत ते असते. खालच्या फळीवर मुलांना मिळालेले कप, मधल्या फळीवर कुणाच्या तरी लग्नातला मुलामा दिलेला मोर, आणि वरच्या फळीवर, पाहुण्याची नजर आधी तिथेच जावी अशा बेताने, परदेशाहून आणलेल्या वस्तू. माझ्या शेजाऱ्यांच्या कपाटात वीतभर उंचीचा आयफेल टॉवर आहे. त्यांच्या मुलाने पॅरिसहून आणलेला. सहा वर्षे मी तो पाहत आलो आहे. पण पॅरिसविषयी, त्या मुलाविषयी किंवा लोखंडाविषयी त्याने मला अद्याप काहीही सांगितलेले नाही.

आपली प्रवासवर्णने या बाबतीत फारशी मदत करीत नाहीत. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) पॅरिस मराठी घरात आणले, त्यानंतर कितीतरी लेखक तिकडे जाऊन आले. चित्रांपुढे हे लेखक गंभीर होतात, चर्चमध्ये नम्र होतात, आणि दुकानात शिरले की एकदम विनोदी होतात. बायकोने दिलेली यादी, भाषेची फजिती, मनातल्या मनात रुपयांत केलेला हिशेब, विमानतळावर वजनात न बसणारी बॅग! वाचताना गंमत वाटते, नाही असे नाही. परंतु माझी तक्रार अशी की, लेखकाच्या अभिरुचीची कसोटी खरी तिथेच लागते. संग्रहालयात चांगले काय ते भिंतीवरच्या पाटीने आधीच सांगितलेले असते. दुकानात पाटीच खोटी असू शकते, आणि पैसे आपले असतात.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत ही कसोटी माझ्या वाट्याला आली. माझी धाकटी बहीण लिआँला असते. शाळामास्तराला परवडणारा हा प्रवास नव्हे. तिकीट तिनेच काढले. निघताना आईने एवढेच सांगितले, “तिकडचंच काहीतरी आण. इथं मिळतं ते नको.”

सोपी वाटणारी ही अट किती अवघड आहे, ते पॅरिसमध्येच कळले. त्रोकादेरोच्या मोकळ्या चौकात विक्रेते चादरी पसरून बसतात आणि चादरीवर आयफेल टॉवरचे ढीग असतात. यांतले बरेचजण सेनेगलसारख्या आफ्रिकी देशांतून आलेले. पोलीस दिसला की चादरीची चारी टोके गोळा करायची नि पळायचे! मी एक मनोरा उलटा करून पाहिला. तळाशी ‘मेड इन चायना’. मला त्या विक्रेत्याचा राग आला नाही. पोटासाठी समुद्र ओलांडून आलेल्या त्या पोराची कहाणी हातातल्या मनोऱ्यापेक्षा पुष्कळ वजनदार असणार. राग आला तो वस्तूचा. १८८९ साली पुऱ्या झालेल्या मूळ मनोऱ्याचे सौंदर्य त्याच्या जोडणीत आहे. पट्टीने पट्टीला कसे धरले आहे, वाऱ्याला वाट कशी ठेवली आहे, हे सारे तिथे उघडे दिसते. ओतीव खेळण्यात नेमके तेच बुजून गेलेले असते, आणि उरतो तो नुसता आकार. गावाचे नाव, दोन शिव्या आणि एक पाटलाचा वाडा एवढ्या भांडवलावर आपल्याकडे ग्रामीण कादंबऱ्या निघतात, त्यांची मला आठवण झाली. (त्यांतली एक माझीच आहे. ती आता मिळत नाही, हे वाचकांचे भाग्य!)

साबणाच्या बाबतीत मात्र मी फसलो. कागदावर ‘मार्सेयचा साबण’ असे छापलेली एक गुलाबी, घमघमणारी वडी मी मोठ्या हौसेने घेतली. बहीण हसून म्हणाली, “दादा, हा मार्सेयचा आहे हे फक्त त्या कागदालाच माहीत आहे रे!” गोष्ट अशी आहे की, हे नाव साबण करण्याच्या रीतीचे, गावाचा त्यावर हक्क नाही. कुठल्याही देशातल्या कारखानदाराने ते छापले तरी त्याला फारसे कुणी अडवू शकत नाही. चौदाव्या लुईच्या राजवटीत, १६८८ साली, या साबणात ऑलिव्हखेरीज दुसरे तेल वा चरबी घालू नये असा हुकूम निघाला होता. आज इतर वनस्पतींची तेलेही चालतात. परंतु जुन्या रीतीने करणारे अजून मोठाल्या कढयांत तेल नि सोडा कित्येक दिवस शिजवतात, मिठाच्या पाण्याने धुतात, आणि रंग वा सुगंध काहीच घालीत नाहीत. ऑलिव्हच्या तेलाचा तो हिरवट चौकोनी ठोकळा दिसायला अगदीच ओबडधोबड. त्यावर ७२ टक्के असा ठसा असतो. गुलाबी वडी मी बहिणीच्या न्हाणीघरात ठेवली आणि असा एक ठोकळा बॅगेत घातला.

लायोल नावाच्या गावाची हकीकत याहून दुःखाची. त्या गावच्या घडीच्या चाकूंची ख्याती मोठी. पण १९९३ साली गावाबाहेरच्या एका व्यापाऱ्याने ते नाव आपल्या मालासाठी नोंदवून घेतले, आणि स्वतःच्या नावासाठी गावाला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मी सव्वा प्रांताचा साधा ओपिनेल चाकू घेतला. १८९० पासून चालत आलेली लाकडी मुठीची ही वस्तू. पाते मिटू नये म्हणून फिरवायचे कडे तिला १९५५ साली मिळाले, त्यापलीकडे नखरा नाही.

प्रोव्हान्समध्ये शिरल्यावर मात्र माझा टीकाकाराचा ताठा गळून पडला. तिथे नाताळात घराघरांतून येशूच्या जन्माचा देखावा मांडतात, आणि त्यात ‘सांतों’ नावाच्या मातीच्या बोटभर बाहुल्या ठेवतात. सांतों म्हणजे छोटा संत. परंतु या संतांत मासळीवाली, पाववाला, चाकूला धार लावणारा, डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली म्हातारी अशी सारी मंडळी असतात. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चे बंद पडली, तेव्हा लोकांनी देखावा घरात आणला आणि त्याबरोबर सगळे गाव आत आले. मार्सेयला १८०३ पासून या बाहुल्यांची जत्रा भरते. दिवाळीत आपली मुले दगडमातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात, पायथ्याशी गवळण नि वाणी ठेवतात, हे मी बहिणीला म्हणालो. ती म्हणाली, “म्हणून तर तुला इथं आणलं.” मी मोळीवाली घेतली. साच्यातून काढलेली असली तरी तिचे डोळे कुणीतरी हाताने रंगवले होते. एक दुसऱ्याहून किंचित खाली उतरला होता.

आणि मग आर्लचा शनिवारचा बाजार. आईसाठी घेतलेली खास वस्तू तिथली. एका पालात पिवळे, निळे, तांबडे टेबलक्लॉथ दोरीवर टांगले होते. कुठे ऑलिव्हची डहाळी, कुठे तिकडच्या उन्हाळ्यात झाडावरून किरकिरणारा सिगाल नावाचा किडा. पुष्कळसे पॉलिस्टरचे होते. बोटांनी चाचपून मी सुती कापड वेगळे काढले. पिवळ्या जमिनीवर तांबडी, वाकड्या शेंड्याची बारीक नक्षी होती. मला ते पान वाटले. पालवाली बाई म्हणाली, हे अस्सल प्रोव्हान्सचे.

घरी आल्यावर आईने घडी उलगडली, चष्मा लावला आणि म्हणाली, “अरे, ही तर कोयरी! माझ्या शालूच्या पदरावर आहे ती. एवढ्या लांबून हेच आणलंस होय?”

मी खजील झालो. बाकी सगळ्या मालाच्या तळाचा शिक्का वाचणारा मी, घरच्या पदरावरची खूण मला ओळखू आली नव्हती. बहिणीला फोन केला, तर तिने आणखी सांगितले की त्या कापडाला फ्रेंच भाषेत अजून ‘अँदियेन’, म्हणजे ‘हिंदी’ असेच म्हणतात. मग मी मिळेल ते वाचून काढले. सतराव्या शतकात आपल्याकडचे छापील आणि हाताने रंगवलेले सुती कापड जहाजांतून मार्सेयला उतरू लागले. धुतले तरी त्याचा रंग जात नसे. तुरटी नि लोह यांच्या साह्याने सुतावर रंग पक्का करण्याची ही विद्या युरोपला तोवर साधली नव्हती. फ्रान्समधले रेशीमवाले नि लोकरवाले ओरड करू लागले. १६८६ साली राजाने या कापडाच्या आयातीवर आणि नकलेवरही बंदी घातली, पुढे ते अंगावर घालणेही गुन्हा ठरले. तरी बायका घालीतच राहिल्या. बंदी उठली ती १७५९ साली. पुढच्याच वर्षी ओबेरकांफ नावाच्या जर्मन गृहस्थाने पॅरिसजवळ झुई येथे आपला प्रसिद्ध छापखाना काढला.

यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. १७४२ साली कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने दक्षिण हिंदुस्थानातून मायदेशी एक पत्र धाडले. रंगाऱ्यांना विचारून विचारून त्याने रंगवण्याची सारी रीत त्यात पायरीपायरीने लिहिली होती. पाद्र्याचे नाव राहिले. ज्यांनी त्याला हे सांगितले, त्या रंगाऱ्यांचे एकही नाव माझ्या वाचनात आले नाही. २०२५ साली मिलानच्या एका बड्या घराण्याने आपल्या कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मंचावर आणल्या, तेव्हा निदान आरडाओरड झाली आणि त्या घराण्याला प्रेरणा कुठली ते कबूल करावे लागले. रंगाऱ्यांसाठी ओरडायला कुणी नव्हते.

मग पालवाली बाई खोटे बोलली का? पुष्कळ दिवस मी ‘हो’ म्हणत होतो. आज माझे मत तसे नाही. तीनशे वर्षे त्या लोकांनी ही नक्षी लाकडाच्या ठशांवर कोरली, तिच्यात आपल्याकडचे ऊन, आपला किडा, आपली ऑलिव्ह घातली, लग्नात नेसली, जेवणाखाली अंथरली. चिनी आयफेल पॅरिसचा असूनही परका वाटतो, आणि हे हिंदी कापड प्रोव्हान्सचे वाटते. उसन्या रीतीची म्हणून मी एका तरुण मित्राची कादंबरी एकदा जाहीरपणे हाणून पाडली होती. ती पुन्हा वाचायला घेतली आहे. कोयरी तरी आपली एकट्याची कुठे? तीही इराण नि काश्मीर करीत आली, असे म्हणतात. आईला हे सांगितले, तर ती म्हणाली, “मग बटाटा परत कर आधी फिरंग्यांना!”

तिने ते कापड काचेच्या कपाटात ठेवले नाही. गणपतीत जेवणाच्या टेबलावर घातले, आणि पहिल्याच दिवशी माझ्या भाच्याने त्यावर वरण सांडले. बहिणीने पाठवलेला धीर फोनवरून : “दादा, तोच हिरवा साबण लाव.” लावला. हळदीचा डाग तांबडा झाला, कोयरीत मिसळून गेला, आणि दोन दिवस उन्हात टाकल्यावर निघून गेला. ठोकळा आता मोरीत आहे; एका कोपऱ्याने झिजला आहे.