स्त्रीधनाची व्याख्या आणि स्त्रीधनाचा वारसा : मिताक्षरेपासून पंधराव्या कलमापर्यंत

मृत्युपत्र न करता एखादी व्यक्ती निवर्तली म्हणजे तिच्या धनाविषयी जो कलह उद्भवतो, तो वरवर पाहता द्रव्याचा असतो. परंतु न्यायासनापुढे गेल्यावर त्याचे स्वरूप पालटते. मृताचे आप्त कोण आणि त्या आप्तांत निकटचा कोण, हा प्रश्न तेथे सोडवावा लागतो. मृताने स्वतः त्याचे उत्तर दिलेले नसते. ते शास्त्राने अथवा कायद्याने त्याच्या वतीने द्यावयाचे असते. यामुळे वारसाविषयक नियमांत त्या त्या समाजाची नातेसंबंधांविषयीची खरी धारणा जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती उपदेशपर वचनांत क्वचितच दिसते.

या दृष्टीने २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेला एक वाद विचारात घेण्यासारखा आहे. एका स्त्रीचा विवाह १९५५ मध्ये झाला आणि अवघ्या तीन महिन्यांत ती विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी आश्रय घेऊन, शिक्षण पुरे करून तिने नोकरी केली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता ती निवर्तली. तिच्या मागे बँकांतील ठेवी, भविष्यनिर्वाह निधी अशी स्वकष्टार्जित मालमत्ता होती. एका बाजूस तिची आई व दुसऱ्या बाजूस पतीच्या बहिणीचे मुलगे, असा वाद झाला आणि निर्णय त्या मुलांच्या बाजूने लागला. सहानुभूती वा भावना यांवरून कायद्याचा अर्थ लावता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ याच्या पंधराव्या कलमाचे शब्द पाहता ती चुकीची होती असे म्हणता येत नाही. प्रश्न न्यायालयाचा नसून कलमाचा आहे. आणि कलमाचा प्रश्न हा त्याच्या उगमाचा प्रश्न आहे.

या उगमाविषयी सामान्यतः दोन मते मांडली जातात. पहिल्या मताप्रमाणे पंधरावे कलम हा प्राचीन धर्मशास्त्राचा जसाच्या तसा अवशेष होय. दुसऱ्या मताप्रमाणे मिताक्षरा स्त्रीच्या हक्कांबाबत उदार होती. पुढील न्यायालयांनी व विधिमंडळांनी ते औदार्य गमावले. दोन्ही मतांत सत्यांश आहे. तथापि दोन्ही अपुरी आहेत. मिताक्षरेने स्त्रीधनाची व्याख्या विस्तारली, पण त्याच्या वारसाचा क्रम जुनाच राखला. ग्रंथातील ही विसंगती सुमारे साडेआठशे वर्षांनंतरच्या अधिनियमात जशीच्या तशी उतरली आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या कारकीर्दीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका रचली. स्मृतीमध्ये स्त्रीधनाचे प्रकार सांगताना आई, बाप, पती व भाऊ यांनी दिलेले, विवाहाग्नीसमोर मिळालेले, पतीने दुसरा विवाह करताना पहिल्या पत्नीला दिलेले, अशी गणना येते. या गणनेच्या शेवटी विज्ञानेश्वर ‘आद्य’ हा शब्द वाचतो आणि त्यातून वारसाने, खरेदीने, वाटणीने अथवा अन्य मार्गाने स्त्रीला लाभलेले सर्व धन स्त्रीधनात समाविष्ट करतो. त्याच्या मते ‘स्त्रीधन’ हा शब्द पारिभाषिक नसून यौगिक आहे. स्त्रीचे जे धन ते स्त्रीधन, इतका त्याचा सरळ अर्थ. दायभागकार जीमूतवाहनाने त्याच स्थळी ‘चैव’ हा पाठ स्वीकारल्यामुळे तेथे गणना बंदिस्त राहते. एका पाठभेदावर स्त्रीच्या स्वामित्वाचा एवढा विस्तार अवलंबून असावा, ही गोष्ट पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु व्याख्या करून विज्ञानेश्वर जेव्हा वारसाकडे वळतो, तेव्हा तो स्मृतीच्या क्रमाला तसाच चिकटून राहतो. स्त्रीधन प्रथम कन्येकडे व तिच्या संततीकडे, त्यानंतर पुत्राकडे जाते, हा क्रम स्त्रीला प्रतिकूल नाही. अडचण निःसंतान स्त्रीबाबत उद्भवते. ब्राह्मादी प्रशस्त विवाह झाला असेल तर धन पतीकडे व पतीच्या अभावी त्याच्या निकटच्या सपिंडांकडे जाते. आसुरादी विवाहात मात्र ते आईकडे व नंतर बापाकडे जाते. म्हणजे विवाह जितका प्रतिष्ठित, तितकी आई आपल्या लेकीपासून दूर. येथे विज्ञानेश्वराचेच दुसरे एक विवेचन आठवल्यावाचून राहत नाही. विभक्त व अपुत्र पुरुषाच्या धनाचा विचार करताना त्याने आईला बापाच्या आधी स्थान दिले आहे. बाप हा सावत्र पुत्रांनाही समान असतो, आई तशी नसते. म्हणून आईची प्रत्यासत्ती अधिक, असे कारण तो देतो. रक्ताच्या सान्निध्याचा हा सूक्ष्म विचार पुत्राच्या धनाला लागू होतो आणि विवाहित कन्येच्या धनाला होत नाही, याचे समाधानकारक कारण टीकेत सापडत नाही.

हे कारण टीकेबाहेर, स्मृतिकारांच्या कल्पनेतील स्त्रीधनाच्या स्वरूपात शोधावे लागते. मूळ गणनेतील बहुतेक धन दानरूप आहे. ते स्त्रीला कोणी तरी दिलेले आहे. दिलेले धन परत कोणत्या कुळाकडे वळावे, हा प्रश्न तेथे स्वाभाविक ठरतो. म्हणूनच शुल्क आणि बांधवांनी दिलेले धन यांच्यासाठी स्मृतींत निराळी व्यवस्था येते. धन ज्या मार्गाने आले तो मार्ग पाहून वारस ठरवावा, हे तत्त्व परंपरेला अपरिचित नव्हते. अपरिचित होते ते स्त्रीच्या स्वतःच्या कमाईचे धन. कात्यायनाच्या मते शिल्पकर्माने मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व चालते आणि ते स्त्रीधन नव्हे. जे धन तिचे मानलेच नाही, त्याचा तिच्या पश्चात वारस कोण, हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. विज्ञानेश्वराने व्याख्येचे दार उघडून ते धन आत घेतले. परंतु त्याच्यासाठी वारसाचा वेगळा नियम केला नाही.

मूळच्या पैठणच्या आणि काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात व्यवहारमयूखात हा प्रश्न निदान ओळखला. पारिभाषिक स्त्रीधन व इतर धन असा भेद करून, वाटणी, सूतकताई अशा मार्गांनी मिळालेल्या धनाला त्याने निराळा क्रम लावला. त्या क्रमात पुत्राला कन्येच्या आधी स्थान मिळाले, हा त्याचा दोष होय. तथापि सर्व स्त्रीधनाला एकच नियम लागू करता येणार नाही, हे तत्त्व त्याने मान्य केले. बहिणीला भावाच्या गोत्रात जन्मलेली म्हणून वारसांत घेण्याचे धैर्यही त्याचेच. मुंबई बेट, गुजरात व उत्तर कोकण येथे मयूखाला प्राधान्य मिळाल्यामुळे या भागातील बहिणींना जो हक्क मिळाला, तो मिताक्षरा मानणाऱ्या इतर प्रांतांतील बहिणींना १९२९ च्या कायद्यापर्यंत थांबून मिळवावा लागला.

इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने विज्ञानेश्वराची व्याख्या संकुचित केली. पतीकडून वारसाने आलेल्या धनावर विधवेचा केवळ मर्यादित हक्क असतो, असे १८६७ मध्ये ठरले. १९१२ मध्ये वाटणीत मिळालेल्या हिश्श्यालाही स्त्रीधनाबाहेर ठेवण्यात आले. १९५६ च्या अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने हा संकोच दूर केला. वारसा, वाटणी, देणगी, खरेदी, स्वतःचे कौशल्य वा परिश्रम, कोणत्याही मार्गाने मिळालेल्या मालमत्तेवर स्त्रीचे पूर्ण स्वामित्व त्याने मान्य केले. हे कलम म्हणजे विज्ञानेश्वराच्या ‘आद्य’ या शब्दाचेच आधुनिक रूप होय. मात्र त्याला लागून येणारे पंधरावे कलम त्याच विज्ञानेश्वराच्या वारसक्रमाकडे परतते. प्रथम पुत्र, कन्या व पती. त्यांच्या अभावी पतीचे वारस. आणि त्यानंतर आई व बाप. माहेरून वारसाने आलेल्या धनाला दुसऱ्या पोटकलमात अपवाद आहे. सासरहून आलेल्या धनालाही आहे. म्हणजे धनाचा मार्ग पाहण्याचे जुने तत्त्व येथेही जिवंत आहे. फक्त स्वकष्टार्जित धनाला त्यात जागा नाही. पतीचे वारस ठरविण्यासाठी तर सोळाव्या कलमात असे गृहीत धरले आहे की, ते धन जणू पतीचेच होते आणि पत्नीमागोमाग तो मृत्युपत्राविना निवर्तला. १९५५ मध्ये मृत झालेल्या पतीला १९९६ मधील भविष्यनिर्वाह निधीचा मालक कल्पावे लागते, ते या नियमामुळे. कात्यायनाने स्त्रीच्या कमाईवर पतीचे जे स्वामित्व सांगितले, ते चौदाव्या कलमाने तिच्या हयातीपुरते नष्ट केले. सोळाव्या कलमाने तिच्या मृत्यूनंतर कल्पनेने पुन्हा उभे केले.

या कलमाच्या समर्थनार्थ दोन मुद्दे पुढे केले जातात. विवाहाने स्त्री पतीच्या कुटुंबात विलीन होते, हा पहिला. परंतु पुरुषाच्या वारसांत पत्नीच्या माहेरच्या माणसांना कोठेही स्थान नाही. शिवाय २००५ च्या दुरुस्तीने कन्येला विवाहानंतरही माहेरच्या एकत्र कुटुंबाची जन्मसिद्ध सहदायाद मानले आहे. जी कन्या माहेरातून तुटत नाही असे सहावे कलम मानते, ती तुटलीच असे पंधराव्याने धरून चालणे सुसंगत नाही. दुसरा मुद्दा असा की, ज्या स्त्रीला हा क्रम मान्य नसेल तिने मृत्युपत्र करावे. हा व्यवहारोपयोगी सल्ला आहे, समर्थन नव्हे. ज्यांनी मृत्युपत्र केले नाही त्यांच्याच मनातील संभाव्य इच्छेचा अंदाज घेणे, हे वारसा-कायद्याचे प्रयोजन आहे. कोणत्या स्त्रीची संभाव्य इच्छा आईला मागे सारून नणंदेच्या मुलांना पुढे करण्याची असते, हे समर्थकांनी सांगावयास हवे.

कलमाच्या वैधतेविषयी न्यायालयांतही एकवाक्यता राहिलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १९८३ मध्ये ते वैध ठरविले. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी त्याविरुद्ध मत नोंदविले. विधी आयोगाने २००८ च्या आपल्या २०७ व्या अहवालात, निःसंतान व निवर्तलेल्या पतीच्या स्त्रीची स्वकष्टार्जित मालमत्ता पतीच्या व माहेरच्या अशा दोन्हीकडील वारसांना मिळावी, अशी शिफारस केली. ही शिफारस तडजोडीची आहे. तिच्यात नीलकंठाच्या भेदबुद्धीचा अंश आहे, पण विज्ञानेश्वराच्या प्रत्यासत्तीचा तर्क शेवटपर्यंत नेलेला नाही. पुत्राच्या धनाविषयी विज्ञानेश्वराने आईच्या सान्निध्याचे जे कारण दिले, तेच कन्येच्या कमाईला लावले असता आई पतीच्या वारसांच्या आधी येते. त्यासाठी परंपरेबाहेर जाण्याची गरज नाही. टीकाकाराने एका प्रकरणात मांडलेला युक्तिवाद दुसऱ्या प्रकरणात वाचण्याची मात्र आहे.