रॉथ्सचाइल्डचे व्हायोलिन
रशियन लेखक अंतॉन चेकॉव्ह (१८६०–१९०४) ह्याची १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेली कथा. शवपेट्या करणारा सत्तर वर्षांचा याकॉव्ह आयुष्यभर नुकसानीचा हिशेब मांडीत आलेला आहे. पत्नी मार्फा मरणासन्न असतानाच तो तिची शवपेटी तयार करून खर्च वहीत टिपतो. पन्नास वर्षांपूर्वी वारलेली मुलगी व नदीकाठचे वाळुंजाचे झाड ह्यांची ती त्याला आठवण देते. त्याला मात्र काहीच आठवत नाही. दफनानंतर त्या झाडापाशी येताच स्मृती जागी होते. पण ती ऐकावयास आता मार्फा नाही.

ह्या पश्चात्तापाचा आरंभही हिशेबानेच होतो. न पकडलेले मासे, न चालविलेल्या नौका मोजता मोजता माणसे परस्परांना दुखवून आयुष्य का गमावतात, ह्या प्रश्नाशी याकॉव्ह पोहोचतो. ‘नुकसान’ ह्या एकाच शब्दाचे हे अर्थांतर कथेचे मर्म होय. ज्याला तो हिणवीत असे, त्या रॉथ्सचाइल्ड नावाच्या गरीब ज्यू वादकास मरताना तो आपले व्हायोलिन देववितो. त्याची अखेरची व्याकूळ धून मागे उरते आणि व्यापारी ती पुनःपुन्हा वाजवून घेतात. तिच्यामागचे दुःख मात्र त्यांना अज्ञातच राहते. चेकॉव्ह भाष्य टाळतो, त्यामुळे कथा भावविवशतेपासून दूर राहिली आहे.