कुत्र्याचा गुडघा नेमका कोठे?

खामगावकडचा शेतकरी बैल पारखताना वशिंड पाहतो, गळ्याखालची पोळी पाहतो, पुठ्ठे आणि खूर पाहतो. हे शब्द त्याला कोणी शिकवलेले नसतात. कुत्र्याच्या जातीचे वर्णन करणारे जे ‘ब्रीड स्टँडर्ड’ किंवा जातिमानक असते, त्याची भाषा मात्र अशी अंगवळणी पडलेली नाही. महाराष्ट्रात ज्याला आपण कारवान म्हणतो आणि मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांमुळे ज्याला मुधोळ हाऊंड हे नाव मिळाले, तो कुत्रा तर आपल्याच मातीतला. २००५ साली तो टपालाच्या तिकिटावरही आला. पण त्याचे मोजमाप ज्या शब्दांत होते ते विदर्स, स्टायफल, हॉक, पास्टर्न हे शब्द इंग्रजांच्या घोड्यांच्या पागेतून आलेले आहेत.

शब्द परके आहेत, ही आमची तक्रार नाही. तक्रार अशी, की ते शरीररचना सांगतात कमी आणि झाकतात जास्त. हॉक म्हणजे मागच्या पायाचा तो टोकदार सांधा, जो पाहून मुले म्हणतात, ‘कुत्र्याचा गुडघा उलटा असतो.’ तो गुडघा नव्हेच. तो घोटा आहे आणि मागे आलेले टोक म्हणजे टाच. कुत्रा बोटांवर चालतो, त्यामुळे त्याची टाच कायम अधांतरी राहते. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. त्यालाच स्टायफल म्हणतात. घोडेवाले पुढच्या पायाच्या मधल्या सांध्याला ‘नी’, म्हणजे गुडघा, म्हणतात आणि श्वानशौकिनांनीही तो शब्द उचलला. प्रत्यक्षात ते मनगट आहे, आणि पास्टर्न म्हणजे त्याच्या खालचा तळहाताच्या हाडांचा भाग. अर्थात इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही. बसताना बैल ‘गुडघे टेकतो’ असे आपणही म्हणतो, आणि तो टेकतो मनगटे! खूण सोपी आहे : गुडघ्याला वाटी असते. पुढच्या पायाच्या त्या सांध्याला ती नसते.

विदर्स हा शब्द मात्र आम्हाला उपयोगाचा वाटतो. खांद्याच्या फऱ्यांच्या वरच्या कडा जेथे पाठीवर जवळ येतात ती ही जागा, बैलाच्या वशिंडाच्या आसपासची. कुत्रा मान वर करो की खाली, ही जागा फारशी हलत नाही. म्हणून उंची तेथेच मोजतात. याउलट ग्रेहाऊंडच्या मानकातला ‘वेल लेट डाऊन’ हॉक घ्या. शब्दकोश घेऊन बसलात तर ‘खाली सोडलेला घोटा’ एवढेच हाती लागेल. सांगायचे असते ते असे, की टाचेपासून पंजापर्यंतचे अंतर कमी असावे. मग तेवढेच का लिहू नये? ‘मध्यम’, ‘पुरेसा’, ‘डौलदार’ या विशेषणांचे तर मापच नाही. परीक्षक बदलला की अर्थ बदलतो.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर आम्ही इतके लिहिले नसते. कपाळ आणि नाकाड यांच्यामधल्या पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. ती खोल हवी, नाकाड आखूड हवे, असे ठरले की पैदासकार पिढ्यान्‌पिढ्या तशीच पिल्ले निवडतात. कवटी आखूड होते, पण आतली मऊ टाळू त्या प्रमाणात आखूड होत नाही. ती श्वासमार्गात अडते. पग आणि बुलडॉग घोरतात, उन्हात धापा टाकतात, ते यामुळे. खामगावच्या मे महिन्यात अशा कुत्र्याचे काय होत असेल, याची कल्पना करावी. २००८ साली बीबीसीच्या एका माहितीपटाने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला, तेव्हा ब्रिटनच्या केनेल क्लबला २००९ मध्ये बुलडॉगसह अनेक जातींची मानके बदलावी लागली. कागदावरच्या एका विशेषणाने जनावराचा श्वास कोंडतो, तर तो कागद शास्त्राच्या शिक्षकानेही वाचायला हवा.

कारवानचे लांब नाकाड, खोल छाती आणि आत ओढलेले पोट धावण्यासाठी आहे. भरधाव असताना या घडणीच्या कुत्र्याचे चारही पाय प्रत्येक झेपेत दोनदा जमिनीवरून सुटतात. वर्गात कारवान आणता येणार नाही. पण शाळेच्या फाटकाशी झोपलेल्या गावठी कुत्र्याचीही हाडे तीच आहेत. त्याची टाच कोणती आणि मनगट कोणते, हे मुलांनी लांबूनच, त्याला न डिवचता, वहीत काढून दाखवावे.