सामाजिक उद्योगाची संकल्पना आणि धडगावचे आमचूर

मुहम्मद युनूस यांचा 'क्रिएटिंग अ वर्ल्ड विदाउट पॉव्हर्टी' (२००७) हा ग्रंथ २००५ साली पॅरिसमध्ये झालेल्या एका हस्तांदोलनापासून सुरू होतो. त्यातून बांगलादेशात बोग्रा येथे 'ग्रामीण दानोन'चा दह्याचा कारखाना उभा राहिला. गुंतवणूकदाराने मुद्दल तेवढे परत घ्यावे, नफा उद्योगातच ठेवावा, ही युनूस यांची व्याख्या स्वच्छ आहे. परदेशांतून ग्रामीण बँकेत अनुभवासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना तिची भुरळ पडते. काही आठवड्यांच्या मुक्कामात दह्याचे कप दिसतात. तराजू कोणाच्या हाती आहे, हे कळण्यास मात्र हंगाम जावा लागतो.

धडगाव परिसरात उन्हाळ्यात आदिवासी कुटुंबे कैऱ्या उतरवून, सोलून फोडी वाळवतात. आमचूर पांढरे राहिले तर भाव बरा. लोखंडी सुरीने काळवंडले किंवा अवकाळी पावसात भिजले, तर व्यापारी देईल तो. पेरणीपूर्वी पैसा हवा असल्याने माल राखून ठेवता येत नाही. येथील प्रश्न गरिबाला स्वस्त वस्तू विकण्याचा नसून त्याच्या वस्तूचा भाव कोणी ठरवावा, हा आहे. बोग्र्यातही २००८ मध्ये दूध महागले, दह्याची किंमत वाढवावी लागली आणि खेड्यांतील विक्री कोसळली. गरीब उत्पादक व गरीब ग्राहक यांच्यातील हा हितविरोध ग्रंथात पुरेसा तपासलेला दिसत नाही.

गरिबांच्याच मालकीचा उद्योग हा दुसरा प्रकार युनूस सांगतात. ग्रामीण बँक त्याच प्रकारची. सातपुड्याच्या दृष्टीने मोलाचा तोच, परंतु ग्रंथाचा भर दह्यावर. उत्पादकांच्या मालकीची कल्पना या जिल्ह्याला नवी नाही. पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा सहकारी साखर कारखान्याच्या रूपाने ती सपाटीवरील उसाभोवती रुजली. डोंगरातील कैरीभोवती तशी रुजली नाही.